दिन्यच्या बिशपांचे पूर्वायुष्य

कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पात्र मनात उभे राहिलेले असते. ते कोणत्या गावचे, त्याचे आईबाप कोण, तारुण्यात त्याने काय सोसले, कोणत्या जुन्या चुकीची बोच त्याला अजून आहे, हे सारे लेखकाला ठाऊक असते. त्यांपैकी वाचकाला किती सांगायचे? नवोदितांच्या कथा वाचण्याचे काम ज्यांच्याकडे येते त्यांना हा अनुभव नवा नाही. पहिली चार पाने नायकाच्या आजोबांच्या हकीकतीत खर्ची पडतात आणि प्रत्यक्ष कथा सुरू होते तेव्हा वाचक थकलेला असतो. उलट काही जण काहीच सांगत नाहीत आणि शेवटच्या परिच्छेदात एक गुपित फोडून मोकळे होतात. या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. ते थोरांनी काय केले हे पाहूनच शोधावे लागते. म्हणून या लेखात एकाच ग्रंथाकडे, त्यातही मुख्यतः त्यातील एका धर्मगुरूकडे, वाचकांचे लक्ष वेधण्याचे योजिले आहे.

तो ग्रंथ म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची १८६२ साली प्रसिद्ध झालेली 'ले मिझराब्ल' ही कादंबरी. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावाने तिला मराठी रूप दिले आणि आपल्यापैकी पुष्कळांना तिची पहिली ओळख त्यातूनच झाली. भाकरीच्या चोरीपायी १९ वर्षे सक्तमजुरी भोगलेला कैदी, त्याला आश्रय देणारे बिशप, चांदीच्या भांड्यांची चोरी आणि दुसऱ्या सकाळी बिशपांनी दिलेल्या त्या दोन चांदीच्या मेणबत्तीदाण्या : एवढा प्रसंग तर ज्याने कादंबरी उघडलेलीही नाही त्यालाही प्रवचनांतून माहीत झालेला असतो. परंतु या प्रसंगापूर्वी ह्यूगोने काय केले आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. कारण संक्षिप्त आवृत्त्यांत नेमका तोच भाग गाळलेला असतो.

कादंबरीचा नायक जाँ व्हालजाँ पहिल्या ओळीत येत नाही. पहिल्या प्रकरणात येत नाही. पहिल्या खंडाचे संपूर्ण पहिले पुस्तक संपेपर्यंत येत नाही. त्या पुस्तकाची १४ प्रकरणे ह्यूगोने एकट्या बिशपांना दिली आहेत. फ्रान्सच्या आग्नेयेकडील डोंगराळ भागातल्या दिन्य या छोट्या गावाचे बिशप शार्ल-फ्रांस्वा-बियेंव्हेन्यू मिरिएल. त्यांचे घर, त्यांची बहीण बातिस्तिन, वयस्क मोलकरीण मादाम माग्लुआर, त्यांचा बगीचा, त्यांचे खेचरावरचे प्रवास. एवढेच नव्हे, तर त्यांच्या घरखर्चाचा लेखी ताळेबंदही तेथे छापलेला आहे. सरकारकडून मिळणाऱ्या १५,००० लिव्हरांपैकी ते स्वतःसाठी फक्त १,००० ठेवतात. बाकीचे सारे गरिबांत, कैद्यांत आणि शाळांत जाते. आपला प्रशस्त वाडा शेजारच्या दाटीवाटीच्या इस्पितळाला देऊन स्वतः त्या इस्पितळाच्या बसक्या इमारतीत राहायला जातात. वर्तमानाविषयी लेखकाचा हात असा सैल आहे की अधीर वाचक पाने उलटू लागतो.

आणि भूतकाळाविषयी? तेथे मात्र हात आखडलेला आहे. पहिल्याच प्रकरणात ह्यूगो प्रथम सांगून टाकतो की या तपशिलांचा आपल्या कथानकाशी फारसा संबंध नाही. तरीही बिशप गावात आले त्या वेळी लोक काय बोलत होते तेवढे नोंदवून ठेवावे. मग ती लोकवार्ता येते. मिरिएल हे एक्स येथील उच्च न्यायपीठाच्या सदस्याचे चिरंजीव. वडिलांनी त्यांचे लग्न अठराव्या-विसाव्या वर्षीच लावून दिले. ते ठेंगणे पण देखणे, बोलण्यात चतुर. आयुष्याचा पहिला भाग ऐहिक सुखांत आणि बैठकींत गेला. मग १७८९ ची राज्यक्रांती झाली. घराण्याची वाताहत झाली. ते इटलीत गेले. तेथे पत्नी छातीच्या विकाराने वारली. मूलबाळ नव्हते.

यापुढे काय झाले? येथे ह्यूगो थांबतो. जुन्या समाजाची राखरांगोळी, स्वतःच्या कुटुंबाचा नाश, १७९३ सालचे रक्तपात, की काळजावर बसलेला एखादा असा घाव जो बाहेरून कुणाला दिसलाच नाही? तो केवळ प्रश्न विचारतो. उत्तर कुणालाच देता आले नसते, असे म्हणतो. एवढेच ठाऊक होते की इटलीहून परतले तेव्हा ते धर्मगुरू होते.

वाचक हो, या एका वाक्याजवळ थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. कोणत्याही दुसऱ्या कादंबरीकाराने हीच जागा पकडून शंभर पाने लिहिली असती. देखणा, विलासी तरुण, पत्नीचा मृत्यू, परदेशातले एकटेपण, मग परिवर्तनाचा क्षण. केवढा मोठा विषय! ह्यूगोला विस्ताराचे वावडे होते असेही नाही. याच कादंबरीत त्याने वॉटर्लूच्या लढाईला एक संपूर्ण पुस्तक दिले आहे आणि पॅरिसच्या भूमिगत गटारांच्या इतिहासाला दुसरे. गटारांचा इतिहास सांगण्यास ज्याला जागा अपुरी पडली नाही, त्याने एका साधुपुरुषाच्या मनःपरिवर्तनाला एकही ओळ देऊ नये, हे अनवधानाने घडणे शक्य नाही.

त्यामागचे कारण शोधू लागलो की गोष्ट कादंबरीतून निघून इतिहासात शिरते.

बिशप मिरिएल हे पात्र हवेतून आलेले नाही. १८०५ साली नेमणूक होऊन १८३८ पर्यंत दिन्यच्या धर्मप्रांताचे बिशप होते बियेंव्हेन्यू द मिओलिस. त्यांचा जन्म १७५३ साली एक्स येथे झाला. दारिद्र्य पत्करणारे, दारात आलेल्याला विन्मुख न पाठविणारे म्हणून त्यांची ख्याती होती. १८०६ साली पिएर मोरँ नावाच्या सुटून आलेल्या एका कैद्याला खाणावळीतून हाकलून दिल्यावर त्यांनी आपल्या घरी घेतले आणि पुढे आपला भाऊ, जनरल मिओलिस, याच्याकडे पाठविले, अशी हकीकत ह्यूगोचे चरित्रकार सांगतात. हे जनरल मिओलिस तेच, ज्यांच्या हाती रोमचा लष्करी कारभार असताना १८०९ साली नेपोलियनच्या माणसांनी पोप सातवे पायस यांना कैद करून नेले. एक भाऊ पोपच्या नगरीत नेपोलियनचा अधिकारी आणि दुसरा पोपचा बिशप! असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

नावाचे साम्य उघड आहे. मिओलिसचे मिरिएल झाले. 'बियेंव्हेन्यू' तर तसेच राहिले. ह्यूगोने जनरल भाऊ ठेवला, सरकारी अधिकारी असलेला दुसरा भाऊ ठेवला, एक्स हे गाव ठेवले, बिशपपदापूर्वीचे ब्रिन्योल येथील धर्मग्राम ठेवले. बदलले ते फक्त तारुण्य. खरे मिओलिस १७७७ सालीच, म्हणजे क्रांतीच्या १२ वर्षे आधी, गुरुदीक्षा घेऊन बसले होते. त्यांचे लग्न झालेले नव्हते, विलासी जीवनाचा प्रश्नच नव्हता. क्रांतिकाळात धर्मगुरूंनी राज्याच्या नव्या धर्मघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा झाला तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि ते रोमला निघून गेले. नव्या शतकाच्या आरंभी परतले आणि गरिबांत काम करू लागले. म्हणजे त्यांचे पूर्वायुष्य अज्ञात नव्हते, उलट लख्ख होते. निष्ठेसाठी हद्दपारी भोगलेल्या माणसाचे ते आयुष्य होते.

ह्यूगोने ते पुसले आणि त्या जागी धुके आणले.

मिओलिस १८४३ साली, नव्वदीत, आपल्या जन्मगावी वारले. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांना जाऊन केवळ १९ वर्षे झाली होती. त्यांच्या हातून दृढीकरण संस्कार घेतलेली माणसे दिन्यमध्ये हिंडत-फिरत होती. त्यामुळे त्यांच्या पुतण्याने वृत्तपत्रातून निषेध नोंदविला यात नवल ते काय? आपल्या घराण्यातील एका निष्कलंक धर्मगुरूच्या माथी कादंबरीकाराने बैठकी आणि प्रेमप्रकरणे मारावीत हे त्या कुटुंबाला सहन झाले नाही. शिवाय त्याच पुस्तकात दुसरा एक प्रसंग आहे. गावाबाहेर एकटा, बहिष्कृत अवस्थेत मरणपंथाला लागलेला एक जुना क्रांतिकारक असतो. बिशप त्याला भेटायला जातात ते काहीशा अढीने. आणि बोलणे संपता संपता गुडघे टेकून त्याच्याकडेच आशीर्वाद मागतात. हे प्रकरण ह्यूगोने मूळ हस्तलिखितात नंतर घातलेले आहे. त्या काळच्या फ्रान्समधील कॅथलिक वाचकाला हे केवढे झोंबले असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्या क्रांतीत अनेकांचे काके-मामे गिलोटिनखाली गेले होते. १८६४ साली ही कादंबरी रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली आणि १९५९ सालापर्यंत तेथेच राहिली. ज्या ग्रंथाची पहिली १४ प्रकरणे एका पुण्यशील बिशपांना वाहिलेली आहेत तो ग्रंथ कॅथलिक कुटुंबांनी ९५ वर्षे चोरून वाचावा, हा इतिहासाचा एक विचित्र विनोदच म्हणायचा.

गंमत अशी की विरुद्ध बाजूही खूश नव्हती. ह्यूगोचा मुलगा शार्ल याने बापाशी वाद घातल्याचे सांगतात : ही थोर भूमिका धर्मगुरूला कशाला? एखाद्या डॉक्टरला द्यावी. ह्यूगोने ते मानले नाही. तो स्वतः त्या काळी धर्मसंस्थेपासून दूर गेलेला होता; तिच्यावर रागावलेलाही होता. तरीही बिशपांना त्याने हलविले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुतण्याची तक्रार खरी होती. आणि माझ्या मते ह्यूगोने नाव इतके जवळचे ठेवायला नको होते. दुसरे गाव, दुसरे नाव घेतले असते तर कादंबरीचे काही बिघडले नसते आणि एका सज्जनाच्या स्मृतीवर शिंतोडे उडाले नसते. पण पात्राच्या दृष्टीने पाहिले तर खऱ्या मिओलिसांचे पूर्वायुष्य या कादंबरीला चालले नसते, हेही मान्य करावे लागते. जो जन्मभर वेदीजवळ राहिला त्याने चोराला क्षमा केली तर वाचक म्हणतो, ते संतच होते. ज्याने सारे भोगले, सारे गमावले आणि मग काहीतरी घडून जो पालटला, त्याच्या जेवणाच्या मेजावर दुसरा सर्वस्व गमावलेला माणूस येऊन बसतो तेव्हा त्या दोन खुर्च्यांत फारसे अंतर उरत नाही. म्हणून मिरिएल यांना भूतकाळ हवा होता. मात्र ते 'काहीतरी' काय हे सांगितले असते, तर वाचकाने लगेच हिशेब मांडला असता : पत्नी वारली, म्हणून धर्मगुरू झाले, म्हणून दयाळू. चांगुलपणाला कारण मिळाले की त्याचा दरारा संपतो. ह्यूगोने दार दाखविले, कडी मात्र काढली नाही.

हे माझे नुसते अनुमान नव्हे. ज्या रात्री व्हालजाँ बिशपांच्या घरी येतो त्या रात्रीच्या जेवणाचे वर्णन याला आधार देते.

१८१५ सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी, सूर्यास्तापूर्वी तासभर, एक पायी चालणारा माणूस दिन्य गावात शिरतो. बिशपांच्या बाबतीत ताळेबंदापर्यंत सारे सांगणारा लेखक या माणसाचे नावसुद्धा सांगत नाही. आपण त्याला दुरून, गावकऱ्यांच्या नजरेने पाहतो : मळके कपडे, वाढलेली दाढी, हातात काठी. खाणावळीतून त्याला बाहेर काढतात. दुसरीकडून काढतात. तुरुंगाचे दारसुद्धा त्याला उघडत नाही. कुत्र्याच्या खोपटातून कुत्रे हाकलते. आपल्याला याचा काहीच पूर्वेतिहास ठाऊक नाही; म्हणून आपणही गावकऱ्यांइतकेच साशंक असतो. लेखकाने आपल्याला बेमालूमपणे त्या खिडक्या लावून घेणाऱ्यांच्या रांगेत उभे केलेले असते. आधीच सांगितले असते की याने उपाशी भाच्यांसाठी भाकरी चोरली, तर आपण पहिल्या पानापासून त्याच्या बाजूने झालो असतो, आणि बिशपांनी दार उघडले यात आपल्याला काही विशेष वाटले नसते.

तो आत येतो आणि एका दमात सारे सांगून टाकतो. आपले नाव, १९ वर्षांची शिक्षा, पिवळा परवाना. बिशप काय करतात? मोलकरणीला आणखी एक पान मांडायला सांगतात. तुमचे नाव मला सांगायची गरज नव्हती, असे त्याला म्हणतात. आणि मग जेवताना ते पोंतार्लिए गावाकडच्या दूधसंघांविषयी आणि चीज बनविण्याच्या पद्धतीविषयी बोलत राहतात!

हे सारे आपल्याला बातिस्तिनच्या एका पत्रातून कळते. ती भावाचे वागणे नीट पाहत होती. तिने लिहिले आहे की आपल्या भावाने त्या माणसाला त्याचे गावही विचारले नाही आणि हकीकतही नाही. कारण त्याच्या हकीकतीत त्याचा अपराध होता आणि त्याची आठवण होईल असे काहीच बोलायचे नव्हते. आणि त्याच वेळी स्वतः आपण कोण हेही भावाने त्याला कळू दिले नाही. समोर बसलेला गृहस्थ बिशप आहे हे व्हालजाँला ठाऊकच नव्हते. तो त्यांना साधा गावचा धर्मगुरू समजत होता.

मात्र याच जेवणात बिशप स्वतःच्या पूर्वायुष्यातला एक तुकडा बाहेर काढतात. क्रांतीच्या दिवसांत घरच्यांचे सारे गेले तेव्हा आपण प्रथम फ्रांश-काँते प्रांतात आसरा घेतला आणि काही काळ हातांनी कष्ट करून पोट भरले, असे ते सांगतात. तेथे कागदाचे कारखाने आहेत, कातडी कमाविण्याचे आहेत, घड्याळांचे आहेत. काम हवे त्याला मिळते. पहिल्या प्रकरणातल्या गावगप्पांत याचा मागमूसही नव्हता. मग आताच का सांगितले? कारण समोरच्या माणसाला शिक्षेच्या अटीनुसार जायचे आहे ते त्याच प्रांतातल्या पोंतार्लिएला. बिशप आपली कहाणी सांगत नसतात. पाहुण्याला रोजगाराचा पत्ता देत असतात. पात्राच्या भूतकाळातून किती काढायचे, याचे याहून नेमके माप मला तरी कुठे आढळलेले नाही. समोरच्याच्या उपयोगी पडेल तेवढेच. आणि तेही चीजच्या गोष्टीत लपेटून.

त्यांच्या पूर्वायुष्याचा आणखी एक अवशेष घरात होता. कधीकाळच्या श्रीमंतीतून उरलेली चांदीची जेवणाची सहा पाने आणि एक मोठा डाव. शिवाय आजीच्या बहिणीकडून वारशाने आलेल्या दोन मेणबत्तीदाण्या. चांदीच्या भांड्यांत जेवण्याची सवय सुटता सुटत नाही, असे ते स्वतःच कबूल करीत. हा एकच धागा त्यांना त्या जुन्या बैठकींशी जोडून होता. व्हालजाँ रात्री ती पाने आणि तो डाव चोरतो. आणि सकाळी शिपाई त्याला धरून आणतात तेव्हा बिशप, मेणबत्तीदाण्या विसरलात की, असे म्हणून त्याही त्याच्या हाती ठेवतात. लेखकाने आपल्याला न सांगितलेले ते पूर्वायुष्य बिशपांनी असे कपाटातून काढून देऊन टाकले.

व्हालजाँचे पूर्वायुष्य ह्यूगो केव्हा सांगतो, तेही पाहण्याजोगे आहे. जेवण झाले, दिवे मालवले, बिशप झोपले. मध्यरात्री व्हालजाँला जाग येते. आणि येथे, चोरीच्या काही मिनिटे आधी, लेखक कथा थांबवून मागे जातो. ब्री प्रांतातील फावरोल गाव, झाडे छाटण्याची मजुरी, विधवा बहीण जान आणि तिची सात मुले, १७९५ चा कडक हिवाळा, बेकरीची फुटलेली काच, पाच वर्षांची शिक्षा, तूलोनच्या बंदरातील साखळदंड, २४६०१ हा क्रमांक, पळून जाण्याच्या फसलेल्या प्रयत्नांनी १९ वर्षांपर्यंत लांबलेली कैद. हे येथेच का? कारण पुढच्या क्षणी तो झोपलेल्या बिशपांच्या उशाशी उभा राहणार आहे आणि त्याच्या हातात लोखंडी सळई असणार आहे. आता वाचकाला तो कोण आहे हे ठाऊक आहे, म्हणून त्याची भीती वाटते आणि त्याच्यासाठीही भीती वाटते.

सगळ्याच पात्रांना ह्यूगो असे माप देत नाही. इन्स्पेक्टर झावेरचा जन्म तुरुंगात झाला, आई पत्ते पाहून भविष्य सांगणारी आणि बाप सक्तमजुरीवर, एवढ्या दोन-तीन ओळींत त्याने त्या कठोर माणसाचे मूळ सांगून टाकले. फाँतिनला तर त्याने पूर्वायुष्यच दिले नाही. तिचे आईबाप कुणाला ठाऊक नाहीत. तिला आडनाव नाही, कारण कुटुंब नव्हते. तिला बाप्तिस्म्याचे नाव नाही, कारण ती जन्मली त्या वर्षांत क्रांतीने चर्चची दारे बंद केली होती. रस्त्यात भेटलेल्या कुणी सहज हाक मारली तेच तिचे नाव झाले. या अभावातच तिची सारी पुढची करुण कहाणी आहे. मागे जाऊन आधार घ्यावा असे कुणीच तिला नव्हते.

परंतु माझ्या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत कठीण प्रसंग वाचकाला सांगण्याचा नाहीच. तो पात्राने पात्राला सांगण्याचा आहे. १८३३ साली फेब्रुवारीत कोझेतचे मारियुसशी लग्न होते. व्हालजाँने तिला मुलीसारखे वाढविलेले. दुसऱ्याच दिवशी तो जावयाकडे जातो आणि आपण कोण हे सांगतो : मी सक्तमजुरीचा कैदी आहे, ही माझी मुलगी नव्हे. कुणी त्याला पकडले नव्हते, कुणी विचारलेही नव्हते. खोट्या नावाने त्या घरात जेवायला बसणे त्याला मान्य नव्हते. आपल्याकडे प्रायश्चित्त संस्काराला गेलेल्या कुणालाही त्या बोलण्यातील धडधड ओळखू येईल.

फक्त तो अर्धेच सांगतो. ज्या माणसासमोर तो उभा आहे त्यालाच त्याने आठ महिन्यांपूर्वी बेशुद्धावस्थेत खांद्यावर घेऊन पॅरिसच्या गटारांतून बाहेर आणले होते. ते तो सांगत नाही. झावेरला मारण्याऐवजी सोडून दिले, ते सांगत नाही. कोझेतच्या नावे दिलेले जवळजवळ सहा लाख फ्रँक त्याने स्वतःच्या कारखान्यात कमावलेले होते, हे मारियुसला पटवून देत नाही. वाईट तेवढे सांगतो, चांगले गिळून टाकतो. परिणाम काय व्हावा? मारियुस दुष्ट नाही. पण हाती आलेल्या अर्ध्या पूर्वायुष्यावरून तो पूर्ण माणूस ठरवितो. ही संपत्ती चोरीची असावी, झावेरचा खून याने केला असावा, असे त्याच्या मनात घट्ट होते. हळूहळू त्या म्हाताऱ्याच्या भेटी कमी होतात. ज्या खोलीत तो कोझेतला भेटे तेथील शेगडी विझते, मग खुर्च्या नाहीशा होतात.

वाचकाला सारे ठाऊक असते. हाच येथला छळ आहे. हजारो पाने ह्यूगोने आपल्याला या माणसाचा भूतकाळ सांगितला तो जणू या एका जागेसाठी, की मारियुस चुकतो आहे हे आपण ओरडून सांगावे आणि कुणाला ऐकू जाऊ नये. संगीतिकेत आणि २०१२ च्या चित्रपटात हा भाग अगदी धावता येतो. ग्रंथात तो रेंगाळतो आणि रेंगाळलाच पाहिजे. (त्या चित्रपटात बिशपांची भूमिका कोल्म विल्किन्सनने केली आहे. १९८५ साली लंडनच्या रंगभूमीवर तोच व्हालजाँ झाला होता. ही निवड ज्याला सुचली त्याने ह्यूगो नीट वाचला असावा.)

शेवटी सत्य बाहेर येते ते तेनार्दिएसारख्या नीच माणसाच्या तोंडून, आणि तेही चुकून. तो व्हालजाँला खुनी आणि चोर ठरवायला पुरावे घेऊन येतो, आणि त्याच पुराव्यांनी व्हालजाँ निर्दोष ठरतो. मारियुस आणि कोझेत धावत त्याच्या खोलीवर पोहोचतात तेव्हा थोडाच वेळ उरलेला असतो. हे आधी का सांगितले नाही, असे मारियुस विचारतो. व्हालजाँचे उत्तर एवढेच की सांगितले असते तर मला राहावे लागले असते.

त्या खोलीत तो कोझेतला प्रथमच तिच्या आईचे नाव सांगतो. फाँतिन. हे नाव उच्चारशील तेव्हा गुडघे टेक, असे बजावतो. धर्मगुरूंना बोलावू का, असे कुणीतरी विचारले होते. माझ्याजवळ आहेत, असे म्हणून त्याने डोक्याच्या वर कुठेतरी बोट दाखविले होते. मेणबत्तीदाण्या फळीवर पेटलेल्या आहेत. त्या तो कोझेतला देतो आणि म्हणतो की ज्यांनी त्या मला दिल्या ते वरून माझ्यावर संतुष्ट आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही. कोण दिल्या, कुठे दिल्या, का दिल्या, ते कोझेत विचारत नाही. आणि बिशपांचे नाव तो उच्चारत नाही.